गाडीला काही झालेलं नाही

आमच्या सोसायटीतले अप्पा सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या, साखर कारखाने असं सगळं त्यांनी तपासलं आणि एकही संस्था बिनआक्षेप सोडली नाही. नोकरी संपली, सवय राहिली. वाण्याचं बिल ते अजून दोनदा जुळवतात. लग्नाच्या जेवणात मठ्ठा पातळ होता, ही गोष्ट निरोप घेताना यजमानांच्या ‘निदर्शनास आणून’ देतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत ते नुसते खुर्चीवरून उठले, तरी खजिनदार पाण्याचा ग्लास शोधू लागतो. काकूंच्या आमटीला संसाराच्या पन्नासेक वर्षांनंतरही ‘ब’ वर्गच आहे.

अशा या माणसाने जन्मात एकाच गोष्टीला ‘अ’ वर्ग दिला, आणि तोही काही न तपासता. ती म्हणजे खाली पार्किंगमध्ये जुन्या चादरी जोडून शिवलेल्या कव्हराखाली उभी असलेली त्यांची फिकट निळी प्रीमियर पद्मिनी, १९७८ सालची.

पद्मिनी बिघडत नाही, असा अप्पांचा सिद्धांत आहे. तिला कधी हवा मानवत नाही, कधी रस्ता आवडत नाही, कधी मागे बसलेला माणूस पसंत नसतो. ती बंद पडत नाही, ‘थांबते’. एकदा दोरी बांधून टेम्पोमागून ओढत आणली, तेव्हा अप्पा स्टिअरिंगवर ताठ बसले होते आणि वाटेत भेटणाऱ्यांना हात करत होते. फाटकाशी वॉचमनने विचारलं, “काय झालं साहेब गाडीला?” अप्पा म्हणाले, “गाडीला काही झालेलं नाही. टेम्पो याच बाजूला येत होता.”

ही जात तशी दुर्मीळ नाही. कुणाकडे राजदूत असते, कुणाकडे लॅम्ब्रेटा, कुणाकडे वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ. जगातल्या प्रत्येक वस्तूत खोट काढणारा माणूस त्या एका वस्तूपुढे आला की आंधळा होतो. बायको-मुलं हे सहन करतात, कारण त्या निमित्ताने दिवसातला तासभर तरी त्याची नजर घरावरून हटलेली असते.

नवा माणूस तावडीत सापडला की अप्पा आधी इतिहास सांगतात, मग गाडी दाखवतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथपासून सुरुवात. मग कुर्ल्याचा कारखाना, इटलीच्या फियाटशी करार, लोकांनी जिला डुक्कर फियाट म्हटलं ती गोलमटोल गाडी, १९६४ ची अकराशे डिलाइट, मध्ये थोडा काळ ‘प्रेसिडेंट’ हे नाव आणि १९७४ पासून पद्मिनी. श्रोता चुळबुळू लागला की ते बॉनेट उघडतात. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८, स्ट्रोक ७५. मुलींच्या जन्मतारखा त्यांना काकूंना विचाराव्या लागतात, बोअर आणि स्ट्रोक नाही. शेवटी स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दाखवून ते म्हणतात, “पुढे तिघं बसा, कुणाच्या गुडघ्याला काही लागत नाही.” तिघं बसतात. चौथ्या वाक्याला पहिला माणूस घड्याळ बघतो.

गाडीचे मूळ मालक एक डॉक्टर. त्यांनी नंबर लावला, काही वर्षं वाट पाहिली आणि मग कुठे ती दारात आली. १९८९ साली त्यांना मारुती खुणावू लागली आणि पद्मिनी अप्पांकडे आली. त्या दिवसापासून अप्पांनी त्या डॉक्टरांचं औषध बंद केलं. “जो माणूस पद्मिनी सोडून मारुती घेतो, त्याच्या निदानावर काय भरवसा ठेवायचा?” २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. वीस वर्षांची मुदत संपली म्हणून शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. त्या सकाळी अप्पा दाढी न करता खाली आले आणि गाडीच्या टपावर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. काकूंनी त्या दिवशी मुद्दाम गोड केलं नाही.

तर या पद्मिनीचा चोक गेल्या डिसेंबरात अडकला.

आता आजच्या पोरांनी चोक पाहिलेला नसतो, कारण नव्या गाड्यांत ते काम संगणक करतो. इंजिन गार असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं पेट्रोल गार नळीच्या भिंतीला धरून राहतं. तापलेल्या इंजिनाला वजनाने पेट्रोलच्या जवळजवळ पंधरापट हवा लागते, पण थंडीतल्या सकाळी त्या मिश्रणाला काडी लागत नाही. अशा वेळी हवेच्या मानाने पेट्रोल वाढवून देण्याची सोय म्हणजे चोक. डॅशबोर्डखालचं बटण ओढायचं, सेल्फ मारायचा, इंजिन जरा तापलं की बटण हळूहळू आत सारायचं. बटणापासून कार्ब्युरेटरपर्यंत एक वायर असते, ती तिथली छोटी दांडी फिरवते. एवढंच यंत्र आहे.

पद्मिनीच्या चोकला पूर्वी अडकण्याच्या उलट खोड होती. बटण ओढलं की ते बाहेर थांबायचं नाही, आपसूक आत जायचं. त्यावर अप्पांनी काकूंचा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला आणि ओढलेल्या बटणाच्या दांडीला लावून दिला. गाडीच्या वहीत नोंद केली, ‘तात्पुरती व्यवस्था.’ सरकारी नोकरीतल्या माणसाची तात्पुरती व्यवस्था ती, अकरा वर्षं चालली.

डिसेंबरातल्या त्या सकाळी अप्पांनी बटण ओढलं, चिमटा लावला, गाडी सुरू केली, चिमटा काढला आणि बटण दाबलं. ते अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. आणखी दाबलं तर डॅशबोर्डच्या मागून बारीक करकर ऐकू आली. सायलेन्सरमधून काळा धूर निघू लागला. इंजिन जड झालं, एका लयीत चालेना. पेट्रोलचा वास लिफ्टपर्यंत गेला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्या गॅलरीत आल्या, चादरींकडे बघितलं, खाली बघितलं आणि पुणेरी सभ्यता राखून दार लावून घेतलं.

मी म्हटलं, “अप्पा, चोक अडकलाय वाटतं.”

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “चोक अडकत नाही. गाडीला काही झालेलं नाही.” आणि त्यांनी वही उघडली.

ही वही म्हणजे लांबट, लाल कापडी बांधणीची खतावणी. तीत किती लिटर भरलं, किती किलोमीटर गेलं, हे १९८९ पासून लिहिलेलं आहे. अप्पांनी नवं पान घेतलं, मधोमध रेघ मारली आणि चौकशी सुरू केली. चौकशी गाडीची नव्हती. गाडी सोडून बाकी सगळ्या जगाची होती.

आक्षेप क्रमांक एक पेट्रोलवर आला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते आपल्याकडे मोठ्या प्रमाणात उसापासून होतं. हे कळल्यापासून अप्पांची झोप उडालेली आहे. “ज्या कारखान्यांना मी ‘क’ वर्ग दिला, ते आता माझ्या टाकीत उतरलेत,” असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या गाड्यांतलं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नसतं. नळ्या फुगतात, वॉशर कडक होतात. पण इथेनॉल डॅशबोर्डवर चढून बटण धरून ठेवत नाही. हे मी सांगितलं नाही. अप्पांनी टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरलं. धूर तितकाच काळा राहिला.

आक्षेप क्रमांक दोन प्लगवर. चारही प्लग काढले तर टोकाला काजळीचा मखमली थर. मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याची ही खूण कुठलाही फिटर लांबूनच ओळखतो. अप्पांनी त्यातून वेगळा निष्कर्ष काढला, ‘प्लग हलक्या प्रतीचे.’ नाना पेठेत जाऊन नवे आणले. ते आठवड्यात काळे झाले. वहीत लिहिलं, ‘पुरवठादारास समज द्यावी.’

आक्षेप क्रमांक तीन पुण्याच्या थंडीवर, चार बॅटरीवर, आणि पाच, मी ओझरतं वाचलं त्याप्रमाणे, ‘बघ्यांचा अनावश्यक वावर’.

दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा रविवारी खाली आला. त्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं होतं. “अप्पा, बटरफ्लाय जाम झाला असणार. डब्ल्यूडी-४० मारा, दोन मिनिटांत सुटेल.”

अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. समोरच्याच्या हिशेबात चूक सापडली की ते असे दिसतात. “बटरफ्लाय? दाखव मला.”

मुलाने एअर क्लीनर काढलेल्या कार्ब्युरेटरमध्ये मान घालून बघितलं. पाकळी नव्हती. मग अप्पांनी त्याला सांगितलं, आणि ते अगदी बरोबर होतं, की पुष्कळ कार्ब्युरेटरांत चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची पाकळी असते, पण या जातीच्या सोलेक्समध्ये तशी नसते. बाजूला भोकं पाडलेली एक चकती असते. दांडी फिरली की चकती फिरते, भोकं समोरासमोर येतात आणि जादा पेट्रोलची वाट उघडते. मुलगा मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, “मग अप्पा, चकती उघडीच राहिली असेल का?”

“गाडीला काही झालेलं नाही,” अप्पा म्हणाले आणि बॉनेट लावलं.

अप्पांचं ज्ञान खोटं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. कार्ब्युरेटर त्यांना डोळे मिटून उघडता येतो. शेजारच्या माणसाच्या स्कूटरला असा त्रास असता, तर त्यांनी चहा गार व्हायच्या आत निदान केलं असतं आणि वर शेराही मारला असता. पण ज्ञान आणि पद्मिनी यांची गाठ त्यांनी कधी पडू दिली नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी उपाय जाहीर केला, “तिला जरा मोकळं पळवलं पाहिजे. आतली काजळी जळून जाईल.” जुन्या कात्रज घाटाचा बेत ठरला. पुढे अप्पा, काकू आणि मी. मागे इंजिनिअर मुलगा आणि काकूंचा डबा. बटण अर्धं बाहेर होतं. घाट चढताना मागे इतका धूर सुटला की एक मोटारसायकलवाला पुढे जाऊन थांबला आणि हात हलवून “आग, आग!” असं ओरडला. अप्पांनी त्याला नमस्कार केला.

वर पोहोचल्यावर चहासाठी थांबलो. चहा झाला, भजी झाली आणि गाडी सुरू होईना. तापलेल्या इंजिनात आधीच पेट्रोल भरपूर झालेलं. अशा वेळी अॅक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरायचा आणि तसाच ठेवून सेल्फ मारायचा, म्हणजे हवा आत शिरते आणि जादा पेट्रोल निघून जातं. पंप करायचा नाही, कारण पायाच्या प्रत्येक दाबाला कार्ब्युरेटर आणखी एक पिचकारी मारतो. हे मला पूर्वी अप्पांनीच शिकवलेलं. पण पद्मिनी थांबली की अप्पांचा पाय त्यांचं ऐकत नाही. ते पंप करत राहिले, सेल्फ कण्हत राहिला आणि बॅटरी बसली. चहावाल्याने विचारलं, “गाडी बिघडली का काका?” काकू डबा आवरता आवरता म्हणाल्या, “गाडीला काही झालेलं नाही हो. आम्हालाच काहीतरी झालंय.” घाटाला उतार असतो म्हणून आम्ही धक्का देऊन, दुसरा गिअर टाकून परत आलो.

सोमवारी काकूंनी अप्पांना न विचारता उस्तादांना फोन केला. उस्ताद नाना पेठेच्या बाजूला राहतात. जन्मभर त्यांनी फियाटच दुरुस्त केल्या, आता काम सोडलंय, पण जुन्या ओळखीला येतात. बजाज एम-८० वरून आले. पिशवीत पाने, स्क्रू ड्रायव्हर, एक बॅटरी आणि तेलाची लहान बुधली.

त्यांनी अप्पांना काही विचारलं नाही. बॉनेट उघडून आधी तेलाची पट्टी काढली. टोकावरचं तेल अंगठा आणि तर्जनीत चोळलं, नाकाशी नेलं आणि हात अप्पांच्या नाकापुढे धरला. पेट्रोलचा वास. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली उतरत होतं आणि इंजिनातलं तेल पातळ करत होतं. मग कार्ब्युरेटरपाशी जाऊन त्यांनी चोकची वायर धरून ठेवणारा छोटा स्क्रू सैल केला. वायर दांडीपासून सुटी झाली. दांडी बोटाने पुढे ढकलली, मागे आणली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ती तक्रार न करता फिरली. “इथे काय नाय,” उस्ताद म्हणाले. मग पुढच्या सीटवर बसून बटण ओढलं. वायरचं दुसरं टोक मोकळं होतं, तरी बटण हलेना.

दांडी निर्दोष, वायर दोषी. निवाड्याला चहा गार व्हायचाही अवकाश लागला नाही.

उस्ताद पाठीवर आडवे झाले, डोकं डॅशबोर्डखाली घातलं, बॅटरी पेटवली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “अप्पा, हा पंखा कुणी बसवला?”

दिवाळीत जेजुरीला जाताना काकूंना वारा लागावा म्हणून अप्पांनी डॅशबोर्डवर एक छोटा पंखा बसवला होता, स्वतःच्या हाताने. त्याच्या पट्टीचा लांब स्क्रू मागे उतरून चोकच्या वायरवर बसला होता आणि वायरला काटकोनात मोड पडला होता. चोकची वायर एकाच जाड तारेची असते. ती एकदा मोडली की सरळ केली तरी त्या जागी पुन्हा अडते. उस्तादांनी नवी वायर टाकली. आऊटर मापाने कापलं, कुठे मोड येणार नाही असं मोठ्या वळणाने फिरवलं, आत तेलाचे चार थेंब सोडले. स्क्रू आवळताना बटण पूर्ण आत ठेवून तारेला केसभर ढील ठेवली, म्हणजे दांडी पुरती बंद होते. पंख्याची पट्टी दोन बोटं सरकवली. तेल बदललं. सेल्फ मारला, बटण आत गेलं, धूर थांबला. वहिनी गॅलरीत येऊन चादरी घालू लागल्या.

आम्ही सगळे अप्पांकडे बघत होतो. इतक्या लोकांसमोर आणि इतक्या उघड पुराव्यानंतर आता तरी काही कबुली येईल, असं वाटत होतं. अप्पांनी उस्तादांचे पैसे दिले, पावती मागितली, मिळाली नाही, म्हणून वहीतच त्यांची सही घेतली. नंतर आक्षेपांच्या पानावर खाली सुवाच्य अक्षरात समारोप लिहिला. तो मी स्वतः वाचला आहे: ‘तपासणीअंती गाडीत कोणताही बिघाड आढळला नाही. डॅशबोर्डमागे पंख्यासाठी जागा ठेवण्याबाबत कुर्ला कारखान्याने पूर्वनियोजन केले नसल्याचे दिसून येते. खुलासा मागवावा.’ पद्मिनी बनायची थांबून आता दोन तपं उलटली. खुलासा यायचा आहे.

नव्या वायरमुळे बटण ओढल्या जागी थांबू लागलं, तेव्हा चिमट्याची गरज उरली नाही. अप्पांनी तो काकूंना परत केला आणि वहीत पोच घेतली. काकूंनी सही केली आणि शेजारी स्वतःच्या हाताने ‘ब’ असा शेरा मारला. सहकार खात्याच्या इतिहासात अप्पांना मिळालेला हा पहिला वर्ग असावा.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि तिचा चोक अडकला, तर पेट्रोल, प्लग, थंडी आणि शेजारी यांच्यावर लगेच संशय घेऊ नका. आधी कार्ब्युरेटरपाशी वायरचा स्क्रू सोडा, दांडी आणि बटण वेगवेगळी हलवून बघा. जे अडतं, ते दोषी. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त अप्पांसमोर हे बोलू नका, ते तुम्हाला विचारतील, “पण गाडीला झालंय काय?”